दशरथच्या मांडीवरची पट्टी

मोठे बाबा,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तुमची बातमी आली. जन्म, भरती, निवृत्ती, पदकं, मागे कोण कोण आहे, सगळं त्यात आलं. ते मी इथे परत लिहीत नाही. त्या बातमीत चार वाक्यं खोटी होती आणि ती माझ्याच बोटांनी टाईप झाली. मला तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं आहे. घरात बोलता येत नाही. मोठ्या आईजवळ विषय काढला तर ती भांडी घासायला घेते, घासलेलीच. म्हणते, "आता कायले उकरून राहिली पोरी? माणूस गेला ना."

माणूस गेला. पण ज्याच्यापायी तुमची शेवटची तीन वर्षं गेली ते अजून आहे, आणि वाढून राहिलं आहे.

माझे बाबा वारले तेव्हा मी नववीत होते, आणि तुम्हाला पेन्शनवर येऊन वर्षही झालं नव्हतं. गावात अजून पाव्हण्यासारखे वावरत होतात, तेवढ्यात धाकट्या भावाची बायको आणि पोरगी तुमच्या पदरात पडली. तुम्ही ते एकदाही जाणवू दिलं नाही. मी गोंदियाला कॉम्प्युटर शिकायला जायला लागले तेव्हा विहारापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळीकडे बोललं गेलं, की पोरीच्या जातीने रोज एवढ्या लांब बसने कशाला जावं. तुम्ही कोणाशी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी कोहमारा फाट्यावर येऊन ढाब्याच्या बाकड्यावर बसायचात. बस आली की उठायचात आणि सायकल हातात धरून माझ्यापुढे चालायला लागायचात. घर येईपर्यंत एक शब्द नाही. महिनाभरात लोकांचं बोलणं आपोआप बंद झालं. पुढे त्याच फाट्यावर मी टायपिंग, झेरॉक्स आणि इंटरनेटचं सेंटर टाकलं, तेव्हा फीत कापायला कोणाला बोलवायचं यावर घरात चर्चा चालली होती. तुम्ही मोठ्या आईच्या हातात कात्री दिलीत. ती लाजली, तुम्ही नाही.

तुमच्याबद्दलचा माझा अभिमान मात्र त्याही आधीचा. कारगिलचा उन्हाळा नुकताच संपला होता आणि गावोगाव माजी सैनिकांना शोधून शोधून बोलावणं चाललं होतं. आमच्या शाळेने पंधरा ऑगस्टला तुम्हाला बोलावलं. तुम्ही काळा कोट घालून, पदकं लावून उभे राहिलात. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सीमेवर आम्ही एक टेकडी धरली होती, असं सांगायला लागलात. म्हणालात, आम्ही ती टेकडी सोडली नाही; माझा जोडीदार, देवरीकडचा दशरथ, शेवटच्या गोळीपर्यंत लढला आणि तिथेच पडला. अख्खी शाळा टाळ्या वाजवत होती. माझ्या मागच्या वर्गातला नितेश, किराणा दुकानदाराचा मुलगा, सगळ्यांसमोर येऊन तुमच्या पाया पडला. मी मैत्रिणींना परत परत सांगत होते, माझे मोठे बाबा, माझे मोठे बाबा.

त्यानंतर बारा-एक वर्षांनी इमलाबाई सेंटरवर आली. धानाची रोवणी आटोपली होती. देवरीच्या बसमधून उतरून ती ढाब्यावर 'फौजी कुठं राह्यतो' म्हणून विचारत होती, आणि तुम्ही माझ्याच स्टुलावर पेपर वाचत बसला होतात. काळीसावळी, हडकुळी, साठी ओलांडलेली बाई. तुम्ही तिला पाहून ताडकन उभे राहिलात. दशरथची मोठी बहीण, असं मला सांगितलंत. ती बसली नाही. तिने सांगितलं, की तिच्या गावात एका मंडळाने दशरथचा कार्यक्रम केला. नागपूरहून आलेल्या एकाने कागदावरून हिंदीत वाचून दाखवलं. दशरथने एकट्याने किती मारले ते वाचलं, आणि मग वाचलं की पलीकडच्यांनी त्याचे डोळे काढले, देहाचे हाल केले. बायांच्या घोळक्यात ती बसली होती आणि सगळे तिच्याकडे पाहत होते.

"तू मले सांगतलं होतं, त्याच्या मांडीले पट्टी बांधली होती," ती म्हणाली. "आंगावर कंबल होतं. डोरे मिटले होते. इतके वर्सं मी तेच धरून बसली. आता हे म्हन्तेत डोरेच नोते. खरं कोनतं, भाऊ?"

"मी सांगतलं तेच खरं, बाई. ह्या हातानं मी त्याले उचललं."

"मंग ते कोनं लिहिलं?"

 तुम्ही तिला बसमध्ये बसवून आलात, शटर अर्धं खाली ओढायला सांगितलंत आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला खरं सांगितलंत. दशरथ आणि तुम्ही एकाच मशीनगनवर होतात. तिसऱ्या पहाटे मागे हटण्याचा हुकूम आला. दशरथच्या मांडीत गोळी लागली होती. तुम्ही त्याला थोडं ओढत आणलंत, मग वरून परत मारा सुरू झाला आणि मागून तुमचा हवालदार शिव्या देऊ लागला. दशरथ म्हणाला, पाणी ठेवून जा. तुम्ही तुमची बाटली त्याच्याजवळ ठेवलीत आणि गेलात. टेकडी त्यांच्याकडे गेली. लढाई थांबल्यावर पांढरं निशाण घेऊन तुम्ही चौघं त्याला आणायला गेलात. तो तुम्ही सोडला होता तिथे नव्हता. वारा लागणार नाही अशा बाजूला कोणीतरी त्याला हलवून निजवलं होतं. अंगावर आपलं नसलेलं कांबळं होतं. मांडीवर आपली नसलेली पट्टी होती, घट्ट, गाठ नीट मारलेली. म्हणजे तुम्ही गेल्यावरही तो काही वेळ जिवंत होता, आणि पलीकडचा एक माणूस त्याच्याजवळ बसला होता.

"मेलेल्या मानसाचे डोरे आपोआप मिटत नाई, शालू," तुम्ही म्हणालात. "कोनीतरी ते मिटले."

सुट्टी मिळाल्यावर तुम्ही आधी आपल्या घरी न येता देवरीच्या पुढे जंगलातल्या त्या गावी गेलात आणि इमलाबाईला सगळं सांगितलंत. तिच्या भावाला तुम्ही सोडून आलात, तेही सांगितलंत. तिने ऐकून घेतलं आणि तुम्हाला भात वाढला. तुम्ही म्हणालात, त्या भातावर मी जगलो.

मग मंडळाने वाचलेलं कुठून आलं ते शोधत आपण त्या टेकडीच्या लढाईचं पान उघडलं. कोणीही लिहू शकतं असा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश. कोणी काय कधी लिहिलं, याची नोंद त्यात पानामागे राहते, म्हणून मी तुम्हाला सुरुवातीपासून एकेक पायरी दाखवत गेले. अगदी आधी दोनच ओळी होत्या: टेकडी, तिच्यासाठी झालेली झटापट, ती हातून गेली, मग लढाई थांबली. तुम्ही मान डोलावली, बरोबर आहे म्हणालात. पुढच्या पायरीवर 'हातून गेली' हे शब्द गळले होते. त्यानंतर दशरथ आला. मग त्याने मारलेल्यांचा आकडा आला आणि दर काही महिन्यांनी तो वाढत गेला, जणू दशरथ अजून तिथेच बसून गोळ्या झाडत होता. शेवटी डोळ्यांचं वाक्य. त्याला आधार म्हणून एका ब्लॉगचा पत्ता दिला होता. तो ब्लॉग उघडला, तर त्याच्या खाली लिहिलेलं, की माहिती ह्याच ज्ञानकोशातून घेतली. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि मला परत पहिल्या ओळींवर जायला सांगितलंत. त्याच दोन ओळी तुम्ही बराच वेळ वाचत बसलात.

तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले. मागे हटण्याचा हुकूम, पट्टी, कांबळं, मिटलेले डोळे. दहा मिनिटांत पान पूर्वीसारखं झालं. परत लिहिलं, परत पुसलं गेलं. चर्चेच्या पानावर मी लिहिलं, की ज्या माणसाने दशरथचा देह उचलला तो माझ्या शेजारी बसून सांगतो आहे. उत्तर सभ्य भाषेत आलं: प्रत्यक्ष हजर असणं हा संदर्भ होत नाही, छापील पुरावा द्या. मी वाचून दाखवलं. तुम्ही हसलात. "मी तिथं होतो, पन मी छापील नाई," म्हणालात. आठवडाभर ते वाक्य तुम्ही ज्याला त्याला सांगत होतात. मग हसणं थांबलं, कारण खालची उत्तरं सभ्य राहिली नाहीत.

आपला पहिला वाद तेव्हा झाला. मी म्हटलं, सोडून द्या, असं किती लोक वाचत असतील. तुम्ही म्हणालात, "एक आयकते ना. तिचंच सांगून राहिलो." मी म्हटलं, तिला आपण जाऊन समजावू, पान राहू दे त्यांना. तुम्ही म्हणालात, तिला आधीच समजलेलं होतं. आता तिच्या डोक्यात दुसरं चित्र घातलं आहे, ते समजावून निघत नाही, जिथून आलं तिथूनच काढावं लागतं. त्या वेळी मला हा हट्ट वाटला होता.

दिवाळीत नितेश आला. पानाच्या जुन्या नोंदींत त्याचं नाव सापडलं होतं, म्हणून मीच त्याच्या दुकानावर निरोप ठेवला होता. नागपूरच्या कंपनीत नोकरी करणारा, अंगाने भरलेला नितेश आत आला आणि शाळेतल्यासारखाच तुमच्या पाया पडला. म्हणाला, "काका, मी तुमच्यासाठीच लिहिलं. दशरथला कोण ओळखत होतं? आता देशभर ओळखतात."

"डोऱ्याचं कोनं लिहिलं?"

"ते मी नाही." तो खाली पाहत होता. "पण ते आल्यावर लोक वाचायला लागले."

इमलाबाईबद्दल तुम्ही त्याला सांगितलंत. त्याचा चेहरा उतरला. मला बाजूला सारून तो स्वतः माझ्या कॉम्प्युटरवर बसला आणि ते वाक्य काढून टाकलं. ढाब्यावरून आलेला चहा संपायच्या आत वाक्य परत आलं आणि चर्चेच्या पानावर नितेशलाच गद्दार म्हटलेलं होतं. तीन वर्षं तो ज्यांच्याबरोबर लिहीत होता त्यांनीच.  तो उठला आणि म्हणाला, "काका, आता माझ्या हातात नाही. अब बहुत लोग हैं उस पेज पे." दारात पोचल्यावर वळला. आवाज न चढवता म्हणाला, की टेकडी सोडली नाही हे तर तुम्हीच सांगितलं होतं.

तुम्ही हो म्हणालात. तो गेला. मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही सांगितलंत, की त्या दिवशी हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, पोरांना जोश येईल असं बोला. टीव्हीवर रोज शवपेट्या येत होत्या. समोर सहाशे पोरं बसली होती, त्यात मी होते, बाप गेलेली. त्या पोरांसमोर मागे हटल्याचं सांगणं तुमच्याने झालं नाही. एवढ्या एका वाक्याने काय होणार, असं वाटलं. "एकच वाक्य लबाड बोललो," तुम्ही म्हणालात. मला तुमचा राग आला नाही. मला भीती वाटली. ते वाक्य ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

त्यानंतर सगळं एकेक करून अंगावर येत गेलं. पुढच्या पंधरा ऑगस्टला तुम्ही नेहमीप्रमाणे कोट घालून पंचायतीसमोर गेलात, तर पहिल्या रांगेत तुमची खुर्ची नव्हती.  सरपंच दुसरीकडे पाहत होते. तुम्ही झेंड्याला सलामी देऊन उभेच राहिलात, सगळा कार्यक्रम होईपर्यंत. मग एके दुपारी माझ्या सेंटरसमोर पाच मोटरसायकली येऊन थांबल्या. कोणी उतरलं नाही. इंजिनं चालू ठेवून पाच-सात मिनिटं आत पाहत राहिले. एकाने माझ्या पाटीचा फोटो काढला आणि सगळे निघून गेले. चार दिवसांनी तो फोटो त्या चर्चेच्या पानावर होता, खाली एवढंच: 'यहाँ से लिखते हैं.' माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या पोरी कमी झाल्या. त्यांच्या घरच्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आणि तो फोन. तुम्ही तो स्पीकरवर ठेवला होतात म्हणून मीही ऐकला. दूरच्या कुठल्या तरी शहरातून, अतिशय गोड हिंदीत बोलणारा माणूस. त्याने तुमच्या पायाचं दुखणं विचारलं. मुलाची बदली झाली का, विचारलं. नातीच्या शाळेचं नाव घेऊन, ती रिक्षाने जाते ना, असं विचारलं. त्याला हे कसं माहीत, ते कळलं नाही. शेवटी म्हणाला, "आपने बहुत किया, बाबूजी. अब आप आराम कीजिए. हम लिख लेंगे." तुम्ही फोन ठेवलात.  दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून नातीला रिक्षाने पाठवू नको म्हणालात. कारण सांगितलं नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी सेंटरवर येऊन बसलात आणि म्हणालात, लिही.

आता आपला तो दुसरा वाद, जो संपलाच नाही. मी तुम्हाला एक वही दिली होती. म्हटलं होतं, स्वतःच्या हाताने सगळं लिहा आणि खाली सही करा. मी ते कुठे तरी छापून आणते, एखाद्या लहानशा अंकात का होईना. मग तुम्ही छापील व्हाल आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल. तुम्ही 'लिहितो' म्हणालात. पूर्ण पावसाळा 'लिहितो' म्हणालात. धान कापून झालं तरी 'लिहितो'. मला कळत होतं काय अडतं ते. पहिल्या पानावर लिहावं लागलं असतं, की मी त्याला सोडून आलो. दुसऱ्यावर लिहावं लागलं असतं, की मी शाळेतल्या पोरांशी खोटं बोललो. इमलाबाईला तोंडाने सांगितलेलं तुम्हाला कागदावर सांगता येत नव्हतं. एका दुपारी माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्हाला इमलाबाईपेक्षा तुमची पदकं मोठी वाटतात." तुम्ही पेपरची घडी केलीत, ती टेबलावर ठेवलीत आणि निघून गेलात. सायकल विसरून गेलात. चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर उन्हात बसल्या बसल्या तुम्ही गेलात. ती सायकल पोचवायला तरी मी यायला हवं होतं. उद्या जाऊ, म्हणत राहिले.

वही मी शोधून काढली. कोरी होती.

आणि तुम्ही गेलात त्याच दिवशी मी हे केलं. तुम्हाला अग्नी देऊन माणसं परतली होती. चारच्या सुमारास फाट्यावरचे वार्ताहर हाताने लिहिलेला कागद घेऊन आले. त्यांना टायपिंग येत नाही, त्यांच्या सगळ्या बातम्या मीच टाईप करून पाठवते, हे तुम्हाला माहीत आहे. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांचेही डोळे सुजले होते. पानं छपाईला सुटायची वेळ झाली म्हणाले. मी टाईप करत गेले. आम्ही टाईप करणारे शब्द वाचत नाही, अक्षरं वाचतो. शेवटी एकदा वरून नजर फिरवली तेव्हा दिसलं: टेकडी अखेरपर्यंत सोडली नाही. जोडीदार दशरथने एकट्याने किती मारले. त्याचे डोळे शत्रूने काढल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते. ती आठवण सांगताना त्यांचे रक्त सळसळत असे. मी म्हटलं, भाऊ, हे असं नव्हतं. ते म्हणाले, ताई, मोबाईलवर पाहूनच घेतलं, सगळीकडे असंच आहे. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच लिहितात. घर माणसांनी भरलं होतं, कोणी तरी मला हाक मारत होतं. ही कारणं खरी आहेत. पण मला त्या पाच मोटरसायकली आठवल्या, हेही खरं आहे. मी बटण दाबलं.

आठव्या दिवशी त्या पानावर डोळ्यांच्या वाक्यापुढे नवा संदर्भ आला. ब्लॉग गेला होता. पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक, आणि 'प्रत्यक्षदर्शीची साक्ष'. मोठे बाबा, तुम्ही छापील झालात.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी इमलाबाई आली. विहाराच्या पायरीवर बाहेरच बसली. वंदना झाल्यावर मी तिच्याजवळ गेले. तिच्या हातात ते कात्रण होतं, गावातल्या कोणीतरी दिलेलं. तिला वाचता येत नाही, पण त्यात काय आहे ते तिला वाचून दाखवलेलं होतं.

"हे तुमच्याच घरून गेलं ना?"

मी हो म्हटलं. कोणी लिहिलं, कोणी टाईप केलं, मी का थांबवलं नाही, सगळं सांगितलं. मोटरसायकलींचंही सांगितलं. तुमच्याजवळ जे कबूल करायचं राहिलं होतं ते मी तिच्याजवळ केलं. तिने कात्रणाची घडी केली.

"तो होता तवा त्याले विचारता येत होतं," ती म्हणाली. "आता कोनाले विचारू?"

मग तिने सांगितलं, की गावच्या वेशीवर मंडळाने दशरथचा दगड बसवला आहे, सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे आणि पडदा तिच्या हातून काढायचा आहे. त्यावर डोळ्यांचं लिहिलं आहे का, मी विचारलं. आहे, म्हणाली. मग तुम्ही जाऊ नका, मी तिला म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "मी जाईन. मी बोलीन."

मी गेले, मोठे बाबा. देवरीहून पुढे पायी, एकटी. मांडव, झेंडे, बेंडपथक, बाहेरून आलेल्या गाड्या. त्या मोटरसायकलवाल्यांपैकी दोघांना मी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं असावं, कारण त्यातला एक पूर्ण वेळ माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. इमलाबाईने पडदा ओढला. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने माईक तिच्या तोंडासमोर धरला, वीरभगिनीने दोन शब्द बोलावेत म्हणून. रीत म्हणून त्याने माईक धरला असेल, ती खरंच बोलेल असं त्याला वाटलं नसावं.

तिने घसा साफ केला नाही, काही नाही. म्हणाली, हा दगड लबाड बोलून राहिला. माह्या भावाले गोळी लागली, त्याले सोडून जावं लागलं, ज्यानं सोडलं त्यानं मले येऊन सांगतलं. पलीकडच्यानं पट्टी बांधली. तोही कोनाचा भाऊ असंल. मग हात वर करून तिने स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला आणि पुढचं बोलायला लागली. तेवढ्यात माईक बाजूला झाला आणि बेंड वाजायला लागलं. कोणी तिला ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही. एकाने तिच्या खांद्यावर शाल घातली, दुसऱ्याने हातात नारळ दिला. बेंड वाजत असताना ती बोलतच होती. पुढच्या दोन ओळींत बसलेल्या गावच्या बायांना ते ऐकू आलं. त्यांतली एक उठली आणि इमलाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आणखी दोघी उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या.

निघताना मी इमलाबाईला विचारलं, वाईट वाटलं का. ती नारळ फोडून पोरांना वाटत होती. "जेवढ्यानं आयकलं तेवढ्यानं आयकलं," म्हणाली. मला भीती वाटते का, हे तिने विचारलं नाही. वाटते. माझ्या खुर्चीमागे उभा असलेला माणूस दोनदा सेंटरवर येऊन गेला आहे. एकदा त्याने झेरॉक्स काढून घेतली, कोऱ्या कागदाची.

अठ्ठावीस जानेवारीच्या पेपरात उद्घाटनाची बातमी आहे. ती मी टाईप केलेली नाही. वार्ताहर कागद घेऊन आले होते, मी नाही म्हटलं, ते दुसरीकडे गेले. बातमीत लिहिलं आहे, की भावाच्या आठवणीने वीरभगिनीला हुंदका आवरेना आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्ञानकोशाच्या पानावर आता हेही आहे, तारखेसकट.

बातमीसोबत फोटो आहे. शाल पांघरलेली इमलाबाई, एक हात डोळ्यांवर, मागे बेंडवाल्याचा पितळी भोंगा. वाचणाऱ्याला वाटेल, रडते आहे. पण मी समोर बसले होते, मोठे बाबा. फोटोत तिचं तोंड उघडं आहे आणि ओठ गोल झालेले आहेत. 'डोरे' म्हणताना होतात तसे.